मैलभर भोपळा : पंकिन चंकिन आणि बारूद नसलेल्या तोफा

पंकिन चंकिन म्हणजे भोपळा लांब फेकण्याची स्पर्धा. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, ससेक्स काउंटीत, १९८६ साली ती सुरू झाली. हौशी लोकांनी घरच्या शेडमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात किंवा शेतावरच्या गोदामात बांधलेल्या फेकयंत्रांना पुढची तीन दशके याहून मोठे मैदान मिळाले नाही. हॅलोविनचा सण ३१ ऑक्टोबरला संपतो आणि शेतांवर भोपळ्यांचे ढीग उरतात. त्यानंतरच्या शनिवार-रविवारच्या सुमारास स्पर्धा भरे. तीन दिवसांत प्रत्येक चमूला रोज एक फेक मिळे आणि त्यांतली सर्वांत लांब फेक धरली जाई.

नियम मोजकेच आहेत. भोपळ्याचे वजन ८ ते १० पौंड, म्हणजे साधारण साडेतीन ते साडेचार किलो हवे. यंत्रातून सुटताना तो अखंड असला पाहिजे. यंत्राचा कुठलाही भाग आरंभरेषेच्या पुढे जाता कामा नये. स्फोटके वापरायची नाहीत. या शेवटच्या अटीने खेळाचे सगळे रूप ठरवले. बारूद नाही म्हटल्यावर वस्तू दूर फेकण्याचे माणसाला ठाऊक असलेले बाकीचे जवळजवळ सगळे उपाय एकाच शेतात, एकमेकांशेजारी उभे राहिले : वजनाचे पतन, दोराचा पीळ, स्प्रिंगेचा ताण, फिरत्या हाताचा वेग आणि दाबलेली हवा. यंत्रशास्त्राचा इतका जिवंत वर्ग क्वचितच कुठे भरला असेल.

सुरुवात अगदी साधी होती. लुईस गावातल्या काही मित्रांनी कुणाचे यंत्र भोपळा लांब फेकते अशी पैज लावली. पहिल्या वर्षीची विजयी फेक १७८ फुटांची, म्हणजे सुमारे ५४ मीटरची होती. क्रिकेटच्या मैदानात सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे आलेला चांगला थ्रो याहून लांबचा असतो. पुढच्या काही वर्षांत स्प्रिंगा आणि दोर वापरून अंतर वाढत गेले, तरी १९९३ पर्यंत विजयी फेक हजार-बाराशे फुटांच्या घरातच होती. १९९४ साली ‘युनिव्हर्सल सोल्जर’ नावाच्या हवेच्या तोफेने एकदम अडीच हजार फूट गाठले. १९९८ साली इलिनॉय राज्यातल्या मॉर्टन गावाहून आलेल्या ‘क्यू-३६’ या तोफेने चार हजारांचा टप्पा ओलांडला. तेव्हापासून एकूण विजेतेपद हवेच्या तोफांकडेच राहिले. बाकीच्या यंत्रांसाठी वेगवेगळे गट झाले, आणि कारागिरी बघायची तर ती या गटांतच बघावी.

ट्रेबुशे हे त्यांतले सर्वांत देखणे यंत्र. मध्ययुगातल्या वेढ्यांत किल्ल्यांच्या भिंती फोडण्यासाठी ते वापरत. उंच चौकटीवर एक लांब तुळई आडवी टेकवलेली असते. तिच्या आखूड टोकाला काही टन वजनाची पेटी असते आणि लांब टोकाला गोफण. पेटी खाली कोसळते, तुळईचे दुसरे टोक वर उसळते, गोफण त्याच्यामागून झेप घेते आणि ठरलेल्या क्षणी तिचा एक दोर आकडीवरून निसटतो. न्यू हॅम्पशरमधल्या एका शेतमालकाने बांधलेले ‘यांकी सीज’ हे या गटातले नावाजलेले यंत्र. त्याच्या नव्या आवृत्तीने २०१३ साली २,८०० फुटांच्या पलीकडे भोपळा टाकला.

इथला हिशेब करून पाहण्याजोगा आहे. पाच टनांची पेटी पाच मीटर खाली आली की सुमारे अडीच लाख ज्यूल ऊर्जा सुटते. सेकंदाला ११० मीटर वेगाने निघालेल्या चार किलोच्या भोपळ्यात जेमतेम २४ हजार ज्यूल असतात, म्हणजे एक दशांशही नाही. उरलेली ऊर्जा तुळईला फिरवण्यात, चौकट हलवण्यात आणि भोपळा सुटल्यावरही हेलकावत राहिलेल्या पेटीत जाते. म्हणून चांगला कारागीर पेटीत आणखी वजन भरण्याआधी तुळईचे टोक हलके करतो, गोफणीची लांबी बोटाबोटाने कमी-जास्त करून पाहतो आणि आकडीचा कोन कानशीने घासून बदलतो. गोफण सुटण्याच्या क्षणी पेटी खाली येऊन जवळजवळ थांबलेली असेल, तर तिने आपली ऊर्जा देऊन टाकली असे समजावे. यावरून हौशी लोकांनी एक वेगळाच प्रकार काढला. त्यात तुळईचा आस चौकटीत घट्ट बसवलेला नसतो. तो चाकांवर आडव्या रुळांतून सरकतो आणि वजन दोन खांबांच्या मधून सरळ खाली पडते. वजनाचा झोका गेला की त्यात अडकणारी ऊर्जाही वाचते. मध्ययुगीन सुतारांच्या यंत्रात विसाव्या शतकातल्या छंदिष्टांनी केलेली ही सुधारणा खरोखर कौतुकास्पद आहे.

टॉर्शन यंत्रे याहूनही जुनी, ग्रीक आणि रोमन सैन्यांच्या काळातली. दोरांच्या जाड जुडीला पीळ देऊन त्यात फेकणारा दांडा अडकवतात. पूर्वी या जुड्या स्नायुतंतूंच्या आणि केसांच्या असत, आता कृत्रिम धाग्यांचे दोर असतात. नव्या दोरांमुळे या यंत्रांनी ३,००० फुटांचा पल्ला ओलांडला आहे. पीळ दिलेला दोर स्वतः फार हलका असतो, त्यामुळे साठलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा दांड्याकडे आणि पुढे भोपळ्याकडे जातो. ट्रेबुशेच्या जड पेटीला हे जमत नाही. मानवी बळाच्या गटात इंजिन किंवा मोटर चालत नाही. माणसांनी पायडल मारून किंवा चक्र फिरवून ठरलेल्या दोन मिनिटांत जी ऊर्जा साठवली, तेवढ्यावरच फेक करायची.

अपकेंद्री यंत्रांत एक लांब हात इंजिनाच्या जोरावर गोल फिरत राहतो. वेग पुरेसा झाला की भोपळा सोडायचा. ऊर्जा हवा तेवढा वेळ घेऊन भरता येते, ही या यंत्राची मोठी सोय. अडचणी दोन. हात पाच मीटर लांब असेल आणि टोकाचा वेग सेकंदाला १०० मीटर असेल, तर एक अंश फिरायला हजारांश सेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो. सोडण्यात तेवढी चूक झाली तरी कोन बदलतो, आणि चूक मोठी असेल तर भोपळा जमिनीत किंवा सरळ आभाळात जातो. दुसरी अडचण भोपळ्याची. तेवढ्या वेगाने फिरताना त्याच्यावर गुरुत्वाच्या सुमारे २०० पट भार येतो, आणि तो क्षणभर येऊन जात नाही. हात वेग घेईपर्यंत भोपळा त्या भाराखाली दबत राहतो.

या खेळात खरी मर्यादा ताकदीची नाहीच, ती भोपळ्याची आहे. ताकद वाढवणे सोपे असते. ती ताकद फळाची साल न फोडता त्याच्या अंगात उतरवणे, हे या कलेचे मर्म आहे. म्हणून चमू यंत्राइतकीच काळजी भोपळ्याची घेतात. नेहमीचे नारिंगी भोपळे पोकळ आणि पातळ सालीचे असतात. ‘लुमिना’ किंवा ‘कॅस्पर’ यांसारख्या पांढऱ्या जातींचे भोपळे आतून भरीव आणि जाड असतात, म्हणून स्पर्धक ते पसंत करतात. काही चमू आपल्या तोफेच्या नळीच्या मापाचे गोल, सारख्या आकाराचे भोपळे मुद्दाम पिकवतात. यंत्रातून निघताच फुटलेल्या भोपळ्याला मैदानावर ‘पाय’ म्हणतात, भोपळ्याच्या त्या प्रसिद्ध अमेरिकी पक्वान्नावरून. ती फेक बाद होते, आणि वर्षभराची मेहनत एका नारिंगी फवाऱ्यात संपते.

हवेची तोफ पुढे गेली ती याच कारणाने. तिची रचना सांगायला साधी आहे : दाबलेल्या हवेची मोठी टाकी, तिला जोडलेली लांब नळी आणि मधे झटकन उघडणारा मोठा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह सावकाश उघडला तर हवेचा जोर वाढण्याआधीच भोपळा नळीतून पुढे निघून जातो, म्हणून सगळे कसब या व्हॉल्व्हमध्ये आहे. नामांकित तोफांच्या नळ्या १०० फुटांच्या आसपास, म्हणजे तीस मीटर लांबीच्या असत, आणि अख्खी तोफ ट्रेलरवर लादून आणावी लागे. एवढ्या लांबीचे कारण गणितात दिसते. चार किलोचा भोपळा सेकंदाला २५० मीटर वेगाने बाहेर काढायचा असेल, तर तीस मीटरच्या नळीत त्याच्यावर सरासरी गुरुत्वाच्या सुमारे १०० पट भार येतो. नळी दहा मीटरची केली की हाच भार ३०० पटींवर जातो. शिवाय हवा भोपळ्याच्या संपूर्ण पाठीवर सारखी दाबते. गोफणीचा दोर किंवा यंत्राचा दांडा जसा एका ठिकाणी रुततो, तसे इथे होत नाही.

ही युक्ती याआधी एका फार गंभीर कामासाठी वापरली गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डायनामाइट भरलेले गोळे तोफेतून डागण्याची इच्छा अनेक सेनांना होती, पण बारुदाच्या धक्क्याने गोळा नळीतच फुटण्याचे भय होते. अमेरिकी सैन्यातले अधिकारी एडमंड झालिन्स्की यांनी यावर दाबलेल्या हवेच्या तोफेचा मार्ग विकसित केला. १८८८ साली पाण्यात उतरलेल्या ‘व्हेसुव्हियस’ या अमेरिकी युद्धनौकेवर अशा १५ इंची तीन तोफा होत्या. नळ्या जहाजातच पक्क्या बसवलेल्या असल्याने नेम धरायला सगळे जहाजच वळवावे लागे. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात या जहाजाने क्यूबातल्या सांतियागोवर रात्री मारा केला. तोफांचा मोठा आवाज नसल्याने गोळा पडेपर्यंत किनाऱ्यावर काही कळत नसे. पुढे धक्का सोसणारी स्फोटके आली आणि या तोफांची गरज संपली. नाजूक वस्तू हळुवारपणे वेगात आणण्याची तीच पद्धत शतकभराने डेलावेअरच्या शेतात भोपळ्यासाठी उपयोगी पडली.

हवेच्या तोफेलाही एक छत आहे. दाबातून सुटलेली हवा भोपळ्याच्या मागे धावते, पण ती स्वतः किती वेगाने पसरू शकते हे तिच्यातल्या ध्वनीच्या वेगावर अवलंबून असते, आणि हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. भोपळ्याचा वेग त्याच्या जवळ जाऊ लागला की मागचा दाब झपाट्याने घटतो. यावर शास्त्रज्ञांनी हलक्या वायूचा उपाय काढला आहे. हेलियममध्ये ध्वनी हवेच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जातो आणि हायड्रोजनमध्ये त्याहूनही वेगाने. नासाच्या एम्स केंद्रात उल्कापाताच्या अभ्यासासाठी अशा वायूंच्या तोफा १९६० च्या दशकापासून वापरात आहेत. त्यांतून निघणारे गोळे मात्र बारीक असतात. भोपळा असा वेग सोसणार नाही. याउलट टोकाचा प्रयोग शाळा-कॉलेजांत करतात. टेबल टेनिसचा चेंडू नळीत ठेवून दोन्ही तोंडे पातळ पडद्याने बंद करायची आणि आतली हवा उपसून काढायची. मागचा पडदा फोडला की नुसती वातावरणाची हवा आत घुसते आणि चेंडूला प्रचंड वेगाने पुढे ढकलते. टाकी नाही, कॉम्प्रेसर नाही, आपल्या डोक्यावरच्या हवेचे वजन तेवढे कामाला लागते.

विद्युतचुंबकीय फेकीची कल्पनाही जुनी आहे. नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्टियन बिर्कलँड यांनी १९०१ साली अशा तोफेचे पेटंट घेतले. १९०३ च्या जाहीर प्रात्यक्षिकात शॉर्टसर्किट होऊन प्रखर ठिणगी उडाली आणि प्रयोग फसला. त्या ठिणगीच्या उष्णतेतूनच त्यांनी सॅम आयडे यांच्याबरोबर हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्याची पद्धत उभी केली, आणि १९०५ साली नॉर्स्क हायड्रो ही कंपनी जन्माला आली. भोपळ्याला चुंबक ओढत नाही. त्याला धातूच्या गाड्यावर बसवावे लागेल, आणि रेषेआधी तो गाडा थांबवण्यातच बरीचशी ऊर्जा वाया जाईल. त्यामुळे या मैदानात ही पद्धत रुजली नाही.

यंत्रातून सुटल्यावर भोपळ्याला हवा अडवते. हवा नसती तर सेकंदाला १३० मीटर वेगानेही तो १,७०० मीटर गेला असता. पण २५ सेंटिमीटर व्यासाचा भोपळा २५० मीटर वेगाने जात असताना हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या पंधरा ते वीस पट असतो. म्हणून तोफा पाठ्यपुस्तकातल्या ४५ अंशांपेक्षा खाली झुकवतात, आणि वेग दुप्पट केला तरी अंतर चौपट होत नाही. हवा जितकी विरळ तितका फायदा. २०१० च्या सप्टेंबरात ‘बिग टेन इंच’ या तोफेने युटा राज्यातल्या मोॲबच्या कोरड्या, उंच पठारी प्रदेशात ५,५४५ फूट, म्हणजे १,६९० मीटर भोपळा टाकला. तो गिनीज विक्रम ठरला. मैल ५,२८० फुटांचा असतो, तो इथे मागे पडला. समुद्रसपाटीजवळच्या डेलावेअरमध्ये मात्र स्पर्धेतली सर्वोत्तम फेक २०१३ साली ‘अमेरिकन चंकर’ची होती, ४,६९४ फुटांची.

टीव्हीमुळे ही स्पर्धा देशभर पोहोचली. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास तिचे कार्यक्रम दाखवत, आणि जमलेल्या पैशांतून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या जात. त्याचबरोबर गर्दी वाढली, यंत्रे वाढली, धोकाही वाढला. मैदानावरच्या एका अपघातातून झालेल्या खटल्यामुळे विम्याचा प्रश्न उभा राहिला आणि २०१४ व २०१५ साली स्पर्धा भरली नाही. २०१६ साली ती ब्रिजव्हिलला परतली. ६ नोव्हेंबरला एका हवेच्या तोफेचे धातूचे दार दाबाने उडाले आणि चित्रीकरणाच्या चमूतली एक महिला गंभीर जखमी झाली. स्फोटक वापरले नाही म्हणजे स्फोट होत नाही असे मुळीच नाही. दाबलेल्या हवेने भरलेल्या मोठ्या टाकीत तोफगोळ्याइतकी ऊर्जा साठलेली असते, आणि वेल्डिंगचा एक जोड किंवा एक बिजागरी सुटली की ती चारही दिशांना धावते. भोपळ्याची साल जपण्यात जेवढी बुद्धी खर्च झाली, तेवढीच टाकीच्या तपासणीवर आणि माणसांना ठेवायच्या अंतरावर खर्च व्हायला हवी होती.

या अपघातानंतर स्पर्धा पुन्हा थांबली आणि डेलावेअरमधून हलली. २०१९ साली ती इलिनॉयमधल्या रँटूल येथे, हवाई दलाच्या एका जुन्या तळावर भरली.