दस्तुरी नाक्याच्या पुढे

नेरळहून घाट चढून आलेली टॅक्सी दस्तुरी नाक्यावर थांबते. इथून पुढे रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब सोडले तर मोटारींना बंदी आहे. बाजारपेठ अजून अडीच-तीन किलोमीटर लांब. नाक्यावरच प्रवासी कराची पावती फाटते. माथेरानात कारखाना नाही की शेती नाही, त्यामुळे माथेरान गिरिस्थान नगर परिषदेच्या जमाखर्चात या पावतीला मोठं मोल आहे. २०११च्या जनगणनेनुसार गावची वस्ती ४,३९३. एवढ्याशा गावाने दिवाळीत, मे महिन्यात आणि पावसाळ्यातल्या प्रत्येक शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी सांभाळायची, आणि तीही मोटारीविना. हे जमतं कसं, ते पाहायला मी गेलो होतो.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटलेला हा डोंगर सुमारे ८०० मीटर उंच. माथा जांभ्या दगडाचा, माती लाल, वर दाट सदाहरित झाडी. कडेला जावं तिथे कडा तुटलेला. त्या प्रत्येक टोकाला इंग्रजांनी ‘पॉइंट’ म्हणून नाव दिलं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली इथे आले आणि त्यांच्यामागून मुंबईच्या साहेबांचे आणि पारशी शेठांचे बंगले उभे राहिले. आदमजी पीरभॉय घराण्याने पदरचे पैसे घालून १९०७ साली दोन फूट रुंदीची रेल्वे वर आणली. २००३ साली केंद्र सरकारने सारा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. अधिकृत इतिहास बहुतेक इथेच आटोपतो.

त्यात एक नाव ठळकपणे यायला हवं. भाई कोतवाल याच गावात, नाभिक कुटुंबात जन्मले आणि वकील झाले. याच नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष होते. खालच्या शेतकऱ्या-आदिवासींना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. स्वातंत्र्यलढ्यात २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. वरच्या गावाचा खालच्या वाड्यांशी काय संबंध असायला हवा, हे त्यांना नेमकं उमगलं होतं. कारण माथेरान चालतं ते पायथ्याच्या माणसांवर. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बाया, हॉटेलात राबणारी पोरं, हमाल यांतले कितीतरी जण पायवाटांनी वर येतात.

गॅसच्या सिलिंडरचा प्रवास बघितला की इथलं अर्थशास्त्र कळतं. नेरळहून टेम्पोने दस्तुरीपर्यंत, तिथे उतरवणं, मग घोड्याच्या पाठीवर किंवा हातगाडीवर बाजारापर्यंत. तांदूळ, सिमेंट, विटा, गाद्या, सगळ्यांची हीच तऱ्हा. प्रत्येक टप्प्यावर हमाली चढते आणि वस्तू महाग होते; पण त्याच हमालीवर शेकडो चुली पेटतात. ‘मोटार नाही’ ही शांतता पर्यटक विकत घेतो खरा, पण मोटारीचं काम कुणाला तरी करावंच लागतं.

ते काम करणाऱ्यांत मी सगळ्यात जास्त वेळ पाहत राहिलो हातरिक्षावाल्यांना. पुढे एक जण दांड्यांमध्ये उभा, मागून ढकलायला एक-दोघे. चढावर पुढच्याची पाठ जमिनीला समांतर होते, पाय लाल मातीत रुततात, मागच्यांचे तळवे रिक्षाच्या पाठीला चिकटलेले. अवघड खरा तो उतार. मागचे रिक्षा मागे ओढून धरतात, पुढचा टाचा रोवून अंग मागे टाकतो. मधे बसलेल्या आजीबाईंना धक्कासुद्धा लागत नाही. बोलणं जवळपास नसतंच. खड्डा आला की पुढचा एक हुंकार देतो, मागचे सावध होतात. हे कौतुकाने लिहितो आहे, आणि लिहिताना लाजही वाटते. माणसाने माणसाला ओढावं, हे कितीही कसबाने केलं तरी बरोबर नाही. या रिक्षांचे परवाने फक्त ९४ होते. पाठ गेली की काम गेलं.

म्हणूनच ई-रिक्षा हवी ही मागणी या श्रमिकांच्याच संघटनेने लावून धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२२मध्ये सात ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांची आणि रोज तंगडतोड करणाऱ्या शाळकरी पोरांची सोय झाली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने हातरिक्षाची प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही असं ठणकावलं आणि सहा महिन्यांत ती बंद करायला सांगितलं. गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर शासनाने ई-रिक्षा विकत घेऊन याच लोकांना भाड्याने चालवायला द्याव्यात, असंही सुचवलं. निधी नाही ही सबब चालणार नाही, हेही बजावलं.

निकाल न्याय्य आहे. पण डोंगर कागदावर चढत नाही. ई-रिक्षाला रस्ता पक्का हवा. जांभ्याची माती पावसाळ्यात लोंढ्याबरोबर वाहून जाते, म्हणून पेव्हर ब्लॉक आले. त्यावर घोड्यांचे पाय घसरतात ही घोडेवाल्यांची तक्रार, आणि जंगलात शहर घुसतं आहे ही पर्यावरणवाल्यांची. न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच ब्लॉकना मुभा दिली, आतल्या वाटांना नाही. घोडेवाल्यांची धास्ती खोटी नाही: प्रवासी ई-रिक्षात बसला की घोड्याचा चारा-खुराक कुठून यायचा? हातगाडी ओढणाऱ्याचं ओझंही माणसाच्याच अंगावर असतं, त्याचा विचार कोण करणार? ई-रिक्षा चालवायला परवाना लागतो, आणि पन्नाशीला टेकलेल्या रिक्षावाल्याने तो मिळवेपर्यंत घर कशावर चालवायचं?

या सगळ्यावर उपाय म्हणून रेल्वेवर भार टाकावा, तर तेही जमत नाही. २००५च्या अतिवृष्टीने मार्ग उखडला, तो २००७मध्ये सुरू झाला. २०१६मध्ये डबे घसरले म्हणून गाडी पुन्हा काही काळ बंद. २०१९च्या पावसाने परत दरडी आणल्या, नेरळपासूनची गाडी थेट ऑक्टोबर २०२२मध्ये धावली. पावसाळ्यात आजही नेरळ ते दस्तुरी नाक्याजवळचं अमन लॉज स्थानक ही सेवा बंदच असते, तिथून वर माथेरानपर्यंत तेवढी शटल फिरते.

माथेरानने कसं चालायचं, ही निवड ज्यांच्या जगण्याची आहे त्यांच्याशी बोलूनच ती व्हायला हवी. ई-रिक्षाची किल्ली आधी कुणाच्या हाती जाते, यावर माझं लक्ष राहील. ती रिक्षा ओढून पाठ मोडलेल्याच्या हाती न जाता पैसेवाल्या मालकाच्या हाती गेली, तर त्या पाठीचे श्रम वाचतील, पण तिची मजुरीही जाईल.