दुसऱ्या कार्यालयातली प्रत खरंच दुसरी असते का?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच आठवड्यात कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले. तिथं धोक्याची पातळी ४३. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. आता सांगलीत मुख्य कार्यालय आणि कोल्हापुरात शाखा असलेला एखादा औषधांचा घाऊक व्यापारी डोळ्यांसमोर आणा. सांगलीच्या हिशेबाची प्रत कोल्हापुरात आणि कोल्हापूरची सांगलीत, अशी त्याची व्यवस्था असेल, तर त्या आठवड्यात त्याच्या दोन्ही प्रती एकाच पुराच्या तावडीत होत्या.

दोन कार्यालयं असणं हे छोट्या व्यवसायाचं मोठं बळ आहे. बॅकअपसाठी वेगळी जागा घ्यावी लागत नाही. तिथं आपलीच माणसं असतात, वीज आणि इंटरनेट आधीच आलेलं असतं. या बळाचा खरा उपयोग व्हायचा तर काही पक्के समज मोडावे लागतात.

पहिला समज हाच, की गाव वेगळं म्हणजे प्रत सुरक्षित. सांगली आणि कोल्हापूर यांच्यात साधारण ५० किलोमीटरचं अंतर आहे, पण पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेलाच मिळते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण वाशिष्ठीनं आणि महाड सावित्रीनं बुडवलं. नद्या वेगळ्या, पाऊस एकच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा कुर्ला आणि कालिना इथं दोन कार्यालयं असणाऱ्याला त्या दोन पत्त्यांचा काय उपयोग होता? अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. एका जागी जे संकट येईल ते दुसऱ्या जागी त्याच वेळी येईल का, हा प्रश्न विचारायचा. सांगलीकराला जत किंवा पुणे चालेल. शाखा कोल्हापुरातच असेल तर तिथली प्रत जरूर ठेवावी, कारण आग, चोरी, शॉर्टसर्किट यांपासून ती वाचवतेच. फक्त पुरासाठी तिसरी प्रत त्या पुराच्या पट्ट्याबाहेर हवी. मशीन वरच्या मजल्यावर आहे एवढ्यानं काम होत नाही. डिस्क कोरडी राहील, पण आठवडाभर वीज नाही आणि तिथवर पोचताही येत नाही, अशी वेळ २०१९ च्या पुरानं अनेकांवर आणली होती.

दुसरा समज अधिक घातक, कारण तो सोयीच्या रूपात येतो. दोन्ही कार्यालयांतले फोल्डर आपोआप एकसारखे राहतात, मग बॅकअप कशाला? फोल्डर एकसारखे ठेवणारी व्यवस्था चूकही तितक्याच तत्परतेनं पलीकडे पोचवते. सांगलीत कुणी गेल्या वर्षीच्या बिलांचा फोल्डर पुसला, की थोड्याच वेळात तो कोल्हापुरातूनही जातो. काही सेवांत पुसलेली फाइल ठरावीक दिवस परत मिळते. ती मुदत संपल्यावर चूक लक्षात आली तर उपाय उरत नाही. दोन डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या चालवणाऱ्या रेड पद्धतीचंही तेच. एक डिस्क बिघडली तर काम थांबत नाही, एवढंच तिचं काम. पुसलेलं दोन्हीकडून पुसलं जातं.

ही गोष्ट जगातल्या एका बलाढ्य कंपनीला किती महागात पडली, ते छोट्या व्यावसायिकानं मुद्दाम समजून घ्यावं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. डेन्मार्कची जहाजवाहतूक कंपनी मर्स्क त्यात सापडली. आपल्याकडे न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं तिचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीच्या संगणकांवर कुणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत. एक पडला तर दुसरा आहेच, ही त्यामागची कल्पना. सगळे एकदमच पडतील असा विचार झालेला नव्हता, आणि झालं नेमकं तेच. वाचला तो एक, घानामधल्या कार्यालयातला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून. तिथून ती माहिती इंटरनेटनं इंग्लंडला पाठवायला बसले, तर दिवसच्या दिवस लागले असते. अखेर डिस्क विमानानं न्यावी लागली. घानातल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटिश व्हिसा नव्हता, म्हणून नायजेरियाच्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती देण्यात आली.

या एका घटनेत दोन कार्यालयांच्या बॅकअपबद्दल जवळजवळ सगळं आलं आहे. जोडलेली प्रत जोडलेल्या संकटातून वाचत नाही, आणि लांबची प्रत परत आणायलाही वेळ लागतो.

पहिल्या मुद्द्यावर उपाय स्वस्त आहे, पण तो सहसा केला जात नाही. बहुतेक ठिकाणी मुख्य कार्यालयाचा संगणक शाखेच्या मशीनवर प्रत ढकलतो. त्यासाठी शाखेच्या मशीनचा पासवर्ड मुख्य संगणकावर साठवलेला असतो, म्हणजे तो संगणक ज्याच्या ताब्यात गेला त्याच्या हाती बॅकअपही गेला. खंडणीखोर प्रोग्रॅम आधी बॅकअपच शोधतात. म्हणून दिशा उलटी करावी: शाखेच्या मशीननं मुख्य कार्यालयातून प्रत ओढून घ्यावी, त्या मशीनला तिथं फक्त वाचण्याची परवानगी असावी आणि मुख्य कार्यालयातल्या कुठल्याही खात्याला शाखेतल्या प्रती पुसता येऊ नयेत. दोन कार्यालयं जोडताना राउटरवर फाइल शेअरिंगचं पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम याच वाटेनं जगभर शिरला. त्याऐवजी व्हीपीएन, म्हणजे दोन कार्यालयांमधली बंदिस्त खासगी वाट, वापरावं. शिवाय एक पोर्टेबल डिस्क अशी हवी, जी आठवड्यातून एकदा जोडली, प्रत घेतली आणि काढून ठेवली. घानाला विजेनं योगायोगानं जे दिलं, ते आपण ठरवून मिळवू शकतो.

प्रती किती जुन्या ठेवायच्या? कालची एकच प्रत ठेवणं म्हणजे कालच्या आत चूक कळेल असं गृहीत धरणं. जीएसटीचं रिटर्न भरताना महिन्यापूर्वीची गडबड उघडी पडते. रोजच्या ७, आठवड्याच्या ४ आणि महिन्याच्या १२ प्रती ही मांडणी बहुतेक छोट्या कार्यालयांना पुरते. बदललेला भागच साठवणारं सॉफ्टवेअर असेल, तर मूळ माहितीच्या दुप्पट-तिप्पट जागेत ती साधारण बसते.

आता इंटरनेटचा वेग. 'शंभरचं कनेक्शन आहे, रात्रीत जाईल' हे वाक्य बहुतेक वेळा डाउनलोडकडे बघून म्हटलेलं असतं. बॅकअप चालतो अपलोडवर. एक टेराबाइट म्हणजे ८० लाख मेगाबिट. अपलोड सेकंदाला २० मेगाबिट मिळत असेल, तर चार लाख सेकंद, म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त. पूर्ण शंभर मिळाले तरी २२ तास. त्यामुळे पहिली पूर्ण प्रत डिस्कवर घेऊन गाडीनं शाखेत न्यावी आणि त्यानंतर फक्त बदल पाठवावेत. रोज पाच गिगाबाइट बदलत असतील तर त्याच २० मेगाबिटवर अर्ध्या तासाहून थोड्या जास्त वेळात काम होतं. उलट्या प्रवासाचंही असंच: सगळं गेलं तर परत आणायची डिस्कच, हे आधी ठरलेलं असावं. आणि वाटेत डिस्क हरवू शकते, म्हणून ती एन्क्रिप्ट केलेली हवी. तिचा पासवर्ड मात्र ज्या संगणकाचा बॅकअप आहे त्याच संगणकावर ठेवू नये. कागदावर लिहून बंद पाकिटात तिसऱ्या जागी ठेवावा.

क्लाउडवर ठेवलं की सुटलो, असंही म्हटलं जातं. क्लाउड हीसुद्धा कुठल्यातरी इमारतीतली मशीनच. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग इथं ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं आणि ज्यांची दुसरीकडे प्रत नव्हती त्यांची माहिती कायमची गेली. क्लाउड तिसरी प्रत म्हणून उत्तम. एकमेव म्हणून नाही.

'बॅकअपचे कायदेशीर नियम मोठ्या कंपन्यांनाच' हा समजही पूर्ण खरा नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कितीही छोटी असो, हिशेबाची पुस्तकं संगणकावर असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनं 'ठरावीक काळानं' जाऊन 'रोज' आलं. मालकी किंवा भागीदारीच्या पेढीला हा नियम लागू नाही, पण जीएसटी नोंदणी असेल तर वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपणं तिलाही बंधनकारक आहे.

राहिला सगळ्यात जास्त आढळणारा समज: बॅकअप लावून दिलाय, तो चालूच असेल. वेळ रात्री अकराची लावलेली असते आणि शाखा बंद करताना शेवटी निघणारा माणूस मेन स्विच पाडून जातो. यूपीएस अर्ध्या तासात संपतो. महिनोन्महिने एकही प्रत जात नाही आणि कुणाला कळत नाही. बॅकअपच्या मशीनची आणि राउटरची वीजजोडणी मेन स्विचआधी वेगळ्या एमसीबीवर घेणं हे इलेक्ट्रिशियनचं छोटंसं काम आहे. दुसरी अडचण टॅलीसारख्या प्रोग्रॅमची: कुणी नोंदी करत असताना फाइल कॉपी झाली तर प्रत अर्धवट बनू शकते. सगळ्यांनी प्रोग्रॅम बंद केल्यावर, आणि त्यातल्याच बॅकअपच्या सोयीनं प्रत घेतलेली बरी.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्थांपैकी एकही नीट चालत नसल्याचं उघड झालं. निष्णात इंजिनिअरांच्या कंपनीत हे घडतं, तर आपल्याकडे तपासणीशिवाय विश्वास ठेवायचं कारण काय? तीन महिन्यांतून एकदा शाखेतली प्रत तिसऱ्याच संगणकावर उतरवावी, टॅलीत कंपनी उघडावी आणि त्या तारखेचा ट्रायल बॅलन्स छापील कागदाशी जुळवावा. काम सुरू केल्यापासून पहिलं बिल निघेपर्यंत किती तास गेले ते लिहून ठेवावं. हे काम कॉम्प्युटरवाल्यानं करण्यापेक्षा शाखेतल्या अकाउंटंटनं, समोर ठेवलेल्या लेखी सूचना वाचून करावं. कारण पुराच्या आठवड्यात कॉम्प्युटरवाला गावात पोचेलच असं नाही.