दारफाळणीचा सण आणि मित्राचे दार

२०२२, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी आपला दसरा आणि यहुदी लोकांचा योम किप्पूर एकाच दिवशी आले. यात चमत्कार काही नाही. दोन्ही पंचांगे चंद्रावर चालणारी, दोन्हींत अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखलेला. तेव्हा त्यांच्या तिश्री महिन्याचा दहावा दिवस आपल्या शुद्ध दशमीच्या आसपासच पडावयाचा. अधिक महिन्याचे हिशेब निराळे असल्यामुळे एखाद्या वर्षी, जसे २०२३ साली, दोहोंमध्ये जवळजवळ महिन्याचे अंतर पडते, एवढेच. परंतु ज्या वर्षी योग जुळतो त्या वर्षी एका आळीतील माणसे आपट्याची पाने घेऊन स्नेह्यांच्या दारी जावयास निघतात, आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या आळीतील माणसे पंचवीस तासांचा निर्जळी उपवास सोडून प्रार्थनामंदिरातून घरी परततात.

हे दुसऱ्या आळीतील लोक आपल्याला परके नाहीत. कोकणातील बेने इस्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला आहे. तेलाचे घाणे चालवावयाचे आणि शनिवारी ते बंद ठेवावयाचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्या सणांची जुनी नावेही मराठीच. वर्षारंभ तो 'नव्याचा सण' आणि योम किप्पूर हा 'दारफाळणीचा सण', म्हणजे दारे मिटून घेण्याचा सण. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, बाहेरच्या जगाचा संपर्क टाळून ही मंडळी उपवास करीत. हिब्रू प्रार्थनांची पुस्तके त्यांच्याजवळ नव्हती त्या काळातही हा उपवास त्यांनी सोडला नव्हता. पुढे १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले. ते आज 'शाआर हारहमीम' या नावाने ओळखले जाते. त्याचा अर्थ दयेचे दार.

आता प्रश्न असा की, दार मिटून, उपाशी राहून, दिवसभर प्रार्थना करून माणसाचे पाप फिटते काय? यहुदी धर्मशास्त्राने या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे तेच आज श्रोत्यांपुढे मांडावयाचे आम्ही योजिले आहे. उत्तर थोडक्यात असे: अर्धेच फिटते.

इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात योम किप्पूरवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच्या शेवटी पापांची दोन खाती पाडलेली आढळतात. एक माणूस आणि ईश्वर यांच्यामधले, दुसरे माणूस आणि माणूस यांच्यामधले. पहिल्या खात्याचा निकाल या दिवसाने लागतो. दुसऱ्याचा लागत नाही. ज्याला दुखविले त्याची समजूत घालीपर्यंत लागत नाही. येथे ईश्वराच्या अधिकारालाच मर्यादा घातली आहे, हे ध्यानात घ्यावे. तुम्ही शेजाऱ्याचा अपमान केलात तर ती क्षमा शेजाऱ्याची मालमत्ता झाली. ती परस्पर देऊन टाकण्यास ईश्वरही तयार नाही. आम्हांस तर या विचाराचे धाडस थक्क करणारे वाटते. आपल्याकडे काय, कोठेही काय, माणसाला नडून देवाला नवस बोलणारे पुष्कळ. मिश्नाकारांना ही जात ठाऊक होती. 'आता पाप करतो, योम किप्पूर ते धुऊन काढील' असे म्हणणाऱ्याचे पाप तो दिवस धूत नाही, हेही त्यांनी तेथेच नोंदविले आहे.

म्हणून नववर्षापासून योम किप्पूरपर्यंतचे दहा दिवस, आणि त्यांतही आदला दिवस, हा माणसांकडे जाण्याचा काळ होय. मित्र मित्राकडे जातो, मुलगा बापाकडे जातो, दुकानदार गिऱ्हाईकाकडे जातो. जाऊन काय करावयाचे? 'वर्षभरात कळत नकळत काही चुकले असल्यास क्षमा असावी' हे वाक्य सर्वांच्या परिचयाचे आहे. ते समारंभाच्या आभारप्रदर्शनात शोभते. मित्राच्या ओसरीवर ते लबाडीचे ठरते, कारण त्यात काय चुकले याचा पत्ता नसतो. चूक नाव घेऊन सांगावी, असे उत्तरकालीन धर्मशास्त्रकार म्हणतात. मात्र तसे सांगितल्याने समोरच्यालाच लाज वाटणार असेल तर सांगू नये. येथे एक गंमत पाहण्यासारखी आहे. योम किप्पूरच्या प्रार्थनेतील पापांची कबुली सारी अनेकवचनात असते. आम्ही अपराध केला, आम्ही विश्वासघात केला, असे म्हणत सारी सभा छातीवर मूठ आपटते. ईश्वरापुढे हे चालते. मित्रापुढे मात्र 'मी' म्हणावे लागते. (व्याख्यात्याच्या 'आम्ही'आड दडणे किती सोयीचे असते, हे आम्ही जाणून आहोत.)

बाराव्या शतकातील थोर पंडित मोशे बेन मैमोन, ज्यांना युरोपात मैमोनिदीस म्हणतात, यांनी हा विधी नीट बांधून दिला. पैसा बुडविला असेल तर आधी पैसा परत करावयाचा. पण तेवढ्याने भागत नाही. देणे चुकते केल्यावरही समजूत घालावयाची उरतेच. नुसते शब्द लागले असतील तरी तेच. पहिल्याने नकार मिळाला तर तीन स्नेही बरोबर घेऊन पुन्हा जावे. तरीही नाही, तर दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा जावे. तिसऱ्यांदाही तो माणूस वळला नाही, तर सोडून द्यावे. आता दोष न वळणाऱ्याचा. अपवाद एकच, गुरूचा. गुरूकडे हजार वेळा जावे लागले तरी जावे.

तीन माणसे बरोबर कशाला, असे कोणी विचारील. आम्हांस वाटते ते असे. एकट्याने मागितलेली क्षमा एकान्तात मागे घेता येते. आणि अपमान बहुधा चारचौघांत केलेला असतो. मग त्याची भरपाई तरी कोनाड्यात का व्हावी?

पण शास्त्र कोरडे असते. खरी मौज ताल्मुदात आहे. तेथे या नियमाखाली चारपाच गोष्टी दिल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक गोष्टींत नियम सरळ चालत नाही. रब्बी यिर्मया यांचे रब्बी अब्बांशी काही बिनसले होते. यिर्मया क्षमा मागावयास गेले. पण आत जाण्याचा धीर होईना, म्हणून उंबऱ्याशीच बसून राहिले. इतक्यात घरातील मोलकरणीने सांडपाणी बाहेर फेकले, ते त्यांच्या डोक्यावर पडले. 'मला उकिरडा केले,' म्हणून ते हताश झाले. ते ऐकून अब्बा धावत बाहेर आले आणि म्हणाले, आता तुमची समजूत मीच घातली पाहिजे. दोन शिंतोडे उडाले आणि ऋणको धनको झाला! रब्बी झैरा यांची रीत याहून नाजूक. त्यांना कोणी दुखविले तर ते स्वतःच त्या माणसाच्या वाटेवरून येरझारा घालीत, म्हणजे त्याला क्षमा मागावीशी वाटलीच तर समोर माणूस तयार असावा. ज्याने दुखविले त्याचे पाऊल जड असते. ज्याला दुखविले त्यानेच अर्धी वाट चालून यावी, ही कल्पना कोणत्याही शास्त्रात बसविणे कठीण. ती त्या माणसाच्या स्वभावातूनच यावयाची.

परंतु हीच गोष्ट दुसऱ्याच्या हातून बिघडते. राव नावाच्या मोठ्या आचार्यांना एका खाटकाने दुखविले होते. योम किप्पूरच्या आदल्या दिवशी त्याची वाट पाहून राव म्हणाले, मीच त्याच्याकडे जातो. वाटेत शिष्य हूना भेटला. आचार्य कोठे निघाले हे ऐकून तो मनात म्हणाला, हे आता एका माणसाचा जीव घ्यावयास निघाले. राव जाऊन खाटकापुढे उभे राहिले. तो मुंडी फोडीत बसला होता. त्याने मान वर केली आणि म्हटले, तू होय! चालता हो, तुझ्याशी मला कर्तव्य नाही. त्याच क्षणी एक हाडाचा तुकडा उडून त्याच्या गळ्यात रुतला आणि तो मेला. ही कथा वाचून खाटकाला शासन झाले म्हणून समाधान मानणारे मानोत. आम्हांस हूनाचे बोलणे अधिक खरे वाटते. रावांचे पाऊल झैरांच्याच वाटेचे होते; पण एक मनुष्य सहज येता-जाता दिसे, दुसरा थेट दुकानापुढे जाऊन उभा राहिला. समोरच्याला नाही म्हणावयासही जागा ठेवावी लागते.

आणि नाही म्हणण्याचा अधिकार तरी कितपत? मैमोनिदीस सांगतात, मागणारा मनापासून मागत असेल तर क्षमा न करणे हे क्रौर्य होय. तथापि पुढील काळातील शास्त्रकारांनी एक सवलत ठेविली. ज्याच्याविषयी खोटीनाटी कुप्रसिद्धी केली त्याने क्षमा केलीच पाहिजे असे बंधन नाही. पैसा परत येतो, जखम भरते. पण दहा कानांत गेलेला शब्द कोण गोळा करणार?

या शब्दांच्या पापावरून एकोणिसाव्या शतकात एक वाद झाल्याचे सांगतात. लिथुआनियाच्या बाजूचे इस्राएल मेईर कागान यांनी १८७३ साली चहाडी आणि निंदा यांवर 'हाफेत्स हाईम' नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे मत असे की, पाठीमागे निंदा केली असेल तर, ती त्याला ठाऊक नसली तरीही, जाऊन सांगावे आणि क्षमा मागावी. नीतिशिक्षणाच्या चळवळीचे आद्य पुरुष इस्राएल सालांतर यांना हे पटले नाही, अशी परंपरा आहे. जो सुखाने झोपला आहे त्याला उठवून 'मी तुझी निंदा केली' असे सांगणे म्हणजे आपले मन हलके करण्यासाठी त्याचे जड करणे. हे सालांतरांचे म्हणणे ऐकताना सुटल्यासारखे वाटते, आणि म्हणूनच त्याच्यापासून जपावयास हवे. आम्ही एका जुन्या स्नेह्याविषयी एकदा बैठकीत एक वाक्य बोललो. लोक हसले. आम्ही अनेक वर्षे स्वतःला हेच सांगत राहिलो की, त्याला ते कळलेले नाही, मग उगीच कशाला सांगा? तो गेल्यावर त्याच्या घरच्यांकडून समजले, त्याला दुसऱ्याच दिवशी कळले होते. तरीही तो पूर्वीसारखाच येत राहिला होता.

अशा वेळेसाठीही शास्त्रात तरतूद आहे. ज्याला दुखविले तो मेला असेल तर दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे, आणि मी अमक्याचा अपराध केला असे उघड सांगावे. दहा म्हणजे सार्वजनिक प्रार्थनेला लागणारी गणसंख्या. मेलेला उत्तर देत नाही. निदान जिवंतांनी तरी ऐकावे.

परंतु त्याच्या वतीने 'जा, क्षमा केली' असे त्या दहांपैकी कोणी म्हणू शकत नाही. ही बाब विसाव्या शतकात भयंकर रूपाने पुढे आली. सायमन विझेन्थाल हे नाझींच्या छळछावणीत कैदी असताना त्यांना एका मरणोन्मुख एस. एस. सैनिकाच्या खाटेशी नेण्यात आले. त्याने यहुदी कुटुंबांना घरात कोंडून जाळण्यात भाग घेतला होता, आणि मरण्यापूर्वी एका यहुद्याकडून त्याला क्षमा हवी होती. विझेन्थाल काही न बोलता निघून गेले. पुढे त्यांनी हा प्रसंग 'द सनफ्लॉवर' या पुस्तकात मांडून जगातील विचारवंतांना विचारले, तुम्ही काय केले असते? अब्राहम जोशुआ हेशेल यांनी उत्तरादाखल एक गोष्ट सांगितली. ब्रिस्क गावचे विख्यात रब्बी आगगाडीतून चालले होते. डब्यातील फिरत्या व्यापाऱ्यांनी, हा कोणी सामान्य म्हातारा आहे असे समजून, त्यांचा अपमान केला. गावी उतरल्यावर ते कोण हे कळताच अपराधी क्षमा मागावयास आला. रब्बींनी नकार दिला, पुनःपुन्हा दिला. शेवटी मुलाने कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, मी कोण हे त्याला माहीत नव्हते; त्याने अपराध केला तो एका सामान्य माणसाचा; त्याने त्याच्याकडे जाऊन क्षमा मागावी. मारल्या गेलेल्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार जिवंतांस नाही, असे हेशेलना यावरून दाखवावयाचे होते.

योम किप्पूरच्या दिवशी शेवटची प्रार्थना होते तिचे नाव 'नेइला', म्हणजे दार बंद करणे. ऊन कललेले असते, सारे उभे असतात, आणि मग एडक्याच्या शिंगाचा दीर्घ नाद होऊन उपवास सुटतो. 'दारफाळणी' हे नाव या दारावरून आले असे आम्ही म्हणत नाही. कोकणातील ते नाव घराच्या दारावरूनच आले असावे. त्याच्या दुसऱ्या दिवसालाही बेने इस्राएलांनी नाव दिले होते, 'शिळा सण'. त्या दिवशी मिटलेली दारे उघडीत, गरिबांना दान देत आणि स्नेह्यांच्या घरी भेटीला जात. १९४८ नंतर या समाजातील बहुतेक माणसे इस्राएलला गेली. लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना येथे ती वसली आहेत, आणि तेथील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी अजून मराठी आहे.

ज्या रावांची गोष्ट वर सांगितली त्यांनाही एकदा क्षमा मागण्याची वेळ आली होती. गुरूंपुढे पाठ म्हणत असताना एक एक मोठी माणसे उशिरा येऊ लागली, आणि प्रत्येकासाठी राव आरंभापासून पुन्हा म्हणत गेले. शेवटी रब्बी हनीना आले. राव थकून म्हणाले, किती वेळा मागे जाऊ? आणि पुढेच म्हणत राहिले. हनीनांना ते लागले. तेरा वर्षे, प्रत्येक योम किप्पूरच्या आदल्या दिवशी, राव त्यांच्या दारी गेले. हनीना वळले नाहीत. तीनच वेळा जावे असा नियम असता राव तेरा वर्षे का गेले, असे ताल्मुदाने तेथेच विचारले आहे. आणि राव म्हणजे निराळे, एवढेच उत्तर दिले आहे.