दीड लुगड्याएवढा मासा!

अहमदपूरच्या बाजारात पाच-सहा किलोचा कटला आला, की भोवती बघ्यांची ही गर्दी! घेणारे चार आणि बघणारे चाळीस. आपला मुलूख पडला समुद्रापासून शेकडो मैल दूर. जवळचं लिंबोटी धरण, तळी-ओढे आणि त्यातले रोहू, कटला, मरळ एवढीच काय ती आपली मासळीशी ओळख. पुष्कळ घरांत तर तीही नाही, कारण मासा उंबऱ्याच्या आत येतच नाही. तरीपण, जगातला सर्वांत मोठा मासा कोणता, असं कुणी विचारलं की बहुतेक जणी चटकन सांगतील, "देवमासा!"

पण मैत्रिणींनो, देवमासा हा मुळी मासाच नव्हे. तो पाण्यावर येऊन हवेत श्वास घेतो, पिलाला अंगावर पाजतो. म्हणजे त्याचं गोत्र गाई-म्हशींचं आणि आपलं! कल्ल्यांनी श्वास घेणारा खराखुरा मासा, आणि त्यात सर्वांत मोठा, तो 'व्हेल शार्क'. नावात व्हेल असला तरी जात मुशीची. करड्या-निळसर पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. जणू कुणी रांगोळीचे ठिपके काढून ठेवलेत.

असा एक मासा १९८३ साली आपल्या मुंबईत, कफ परेडच्या किनाऱ्यावर जिवंत आणला गेला होता. त्याची लांबी भरली १२.१८ मीटर, म्हणजे जवळजवळ चाळीस फूट. आपलं नऊवारी लुगडं असतं सत्तावीस फुटांचं. तेव्हा दीड लुगडं अंथरावं, तेव्हा कुठं हा मासा त्यावर मावेल! वजन सुमारे ११ टन. मोंढ्यावरच्या हिशेबात सांगायचं तर ११० क्विंटल. त्याआधी १९४९ साली कराचीजवळ सापडलेला मासा १२.६५ मीटरचा होता आणि त्याचं वजन एकवीस टनांच्या वर धरलं गेलं. अरबी समुद्रातच २००१ साली पकडलेल्या एकाची नोंद तर १८.८ मीटर आहे. म्हणजे दोन लुगड्यांच्याही वर!

एवढा अगडबंब जीव खातो तरी काय? तर पाण्यातले बारीक बारीक जीव, मासळीची अंडी आणि चिमुकले मासे. चार-पाच फुटी तोंड उघडायचं, पाणी आत घ्यायचं आणि चहा गाळावा तसं गाळून कल्ल्यांतून बाहेर सोडायचं. तोंडात दात हजारो, पण कणीएवढे. चावण्याच्या काही कामाचे नाहीत. माणसाच्या वाटेला तो जात नाही.

माणूस मात्र त्याच्या वाटेला गेला. त्याच्या काळजाचं तेल काढून लाकडी होड्यांना चोपडायचे, म्हणजे लाकडात पाणी मुरत नाही. पुढे मांसाला परदेशात गिऱ्हाईक मिळालं आणि गुजरातच्या किनाऱ्यावर शिकार वाढली. अंगात लोखंडी आकडा रुतवायचा आणि दोराला रिकामी पिंपं बांधायची, म्हणजे माशाला खोल बुडी मारता येत नाही. दमून तो हाती लागतो. या पिंपांवरूनच तिथं त्याला 'बॅरल' म्हणू लागले. माईक पांडे यांनी या शिकारीवर चित्रपट काढला, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. मे २००१ मध्ये सरकारनं या माशाला वाघाच्या बरोबरीनं कायद्याचं संरक्षण दिलं.

पण नुसत्या कायद्यानं माणसाचं मन बदलतं होय? २००४ साली गुजरातेत मोहीम निघाली आणि तिला मोरारीबापूंची साथ मिळाली. त्यांनी कोळ्यांना समजावलं, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. माहेरवाशिणीला कुणी मारतं का? नावही नवं दिलं, 'व्हाली', म्हणजे लाडकी. आणि बायांनो, जे हात आकडा मारत होते, तेच पुढे जाळं कापून तिला मोकळं करू लागले. असे शेकडो मासे पुन्हा समुद्रात गेले.

ही लेकुरवाळीही थोडीथोडकी नाही बरं का! १९९५ साली तैवानजवळ सापडलेल्या एका मादीच्या पोटात तीनशेच्या आसपास पिलं होती. पण हा मासा वयात यायलाच वीस-पंचवीस वर्षं किंवा जास्तच लागतात. तेव्हा एक मादी मेली, तर जागा भरून यायला अख्खी पिढी जाते.

यात खर्च मात्र कोळ्याच्या पदरी येतो, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे बैलजोडी, तसं त्यांच्याकडे जाळं. त्यावर घराचं पीठ-मीठ चालतं. ते आपल्या हातानं कापायचं म्हणजे पोटावर सुरी. म्हणून गुजरातेत भरपाई सुरू झाली, आणि महाराष्ट्रानंही २०१८ च्या डिसेंबरात, संरक्षित जीव सोडवताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत देण्याचं ठरवलं. मायेला अशी पैशाची जोड मिळाली, तरच ती टिकते.

आपल्या स्वयंपाकघराशी याचा काय संबंध, म्हणाल? आहे ना! रोहू-कटला पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. गाभोळीचा मासा चवीला कितीही गोड लागला, तरी एका गाभोळीत पुढच्या हंगामाची हजारो पिलं असतात. आषाढ-श्रावणात एरवीही पुष्कळ घरांत मासळी वर्ज्यच असते. ज्यांच्याकडे ती शिजते, त्यांनीही या दिवसांत पोटुशी मासळी आणि बोटभर पिलं घेऊ नयेत. गिऱ्हाईक नसलं, की धरणात जाळं टाकणाराही दोनदा विचार करील. समुद्रातल्या लेकीला कोळ्यांनी माहेरपण दिलं. आपल्या धरणातल्या लेकींना तेवढं आपणही देऊ या.