गाडीचे ओझे आणि इंधनाचा हिशेब

पेट्रोलपंपावर पैसे मोजताना मोटारमालकाच्या मनात एकच विचार असतो : हे इंधन आपल्याला इच्छित स्थळी नेणार आहे. वस्तुस्थिती मात्र थोडी निराळी आहे. ६५ किलो वजनाचा एक माणूस १००० किलोंच्या मोटारीतून एकटाच कचेरीला जातो, तेव्हा इंजिन जे ओझे ओढते त्यात माणसाचा वाटा सोळाव्या हिश्श्याइतकाच असतो. उरलेले पंधरा हिस्से गाडीचेच असतात. गाडी माणसाला नेते हे खरे, पण त्याहून कितीतरी अधिक ती स्वतःला वाहून नेते. म्हणूनच इंधनबचतीचा विचार वजनापासून सुरू करणे योग्य ठरते.

वजन इंधन खाते ते तीन वाटांनी. थांबलेली गाडी पुन्हा वेगात आणताना जितके वस्तुमान अधिक तितकी ऊर्जा अधिक लागते, आणि ब्रेक दाबताच ती सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. गाडी जड असेल तर टायर रस्त्यावर अधिक दाबले जातात व चाक फिरताना होणारा रोध वाढतो. तिसरी वाट चढाची. खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळ्यास जाताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर वर चढते. पेट्रोलमधील ऊर्जेचा साधारण पाव हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो, हे लक्षात घेतले तर केवळ ही उंची गाठण्यासाठी १००० किलोंच्या गाडीला सुमारे दोन तृतीयांश लिटर पेट्रोल लागते. सोबत १०० किलोंचे जादा ओझे असेल, तर त्या एका चढाला आणखी ६५ ते ७० मिलिलिटर खर्ची पडतात.

वाऱ्याचा रोध मात्र वजनावर अवलंबून नसतो. तो गाडीच्या आकारावर आणि वेगावर ठरतो, आणि वेग दुप्पट झाला की चौपट होतो. याचा अर्थ असा, की शहरातील थांबत-थांबत होणाऱ्या प्रवासात वजन महाग पडते, तर महामार्गावरील वेगवान प्रवासात आकार महाग पडतो. हा भेद ध्यानात ठेवला, तर पुढील बऱ्याच गोष्टी सहज उलगडतात.

गाडी हलकी करण्याचा ध्यास अभियंत्यांनी कोठवर नेला, याचे एक बोलके उदाहरण जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीचे आहे. १०० किलोमीटरला तीन लिटर इंधन पुरावे, हे ध्येय ठेवून तिने १९९९ मध्ये ‘लुपो’ या छोट्या मोटारीची विशेष आवृत्ती बाजारात आणली. पोलादाच्या जागी काही भागांत ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम, पातळ काचा आणि तीन सिलिंडरांचे लहान डिझेल इंजिन अशी काटकसर करून तिचे वजन सुमारे ८३० किलोंवर आणण्यात आले. २००२ मध्ये तर कंपनीचे प्रमुख फर्डिनांड पिएक यांनी अवघ्या २९० किलोंची, एकामागे एक अशा दोन आसनांची प्रायोगिक मोटार वोल्फ्सबुर्गहून हॅम्बुर्गपर्यंत स्वतः चालवत नेली. त्या प्रवासात १०० किलोमीटरला एक लिटरही इंधन लागले नाही. पण मॅग्नेशियमचा सांगाडा आणि कार्बन तंतूंची काया सामान्य कुटुंबाच्या खिशाला परवडणारी नव्हती. तिचीच वंशज असलेली ‘एक्सएल-१’ ही मोटार पुढे २०१३ मध्ये आली, तीही मोजक्या २५० गाड्यांपुरती. हलकेपणा साधता येतो, परंतु त्याचेही मोल द्यावे लागते, हा त्या प्रयोगांचा धडा होय.

मग सर्वसामान्य गाड्या हलक्या होण्याऐवजी जड का होत गेल्या? डिसेंबर १९८३ मध्ये भारतीय रस्त्यावर आलेली ‘मारुती ८००’ सुमारे ६५० किलोंची होती. आजच्या अनेक लहान मोटारी तिच्यापेक्षा दीडशे-दोनशे किलोंनी जड आहेत. वातानुकूलन आणि विजेवर चालणाऱ्या काचा यांचा त्यात वाटा आहेच. पण मोठा वाटा सुरक्षिततेचा आहे. आपल्या देशात २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि २०१९ पासून सर्वच मोटारींना टक्कर-चाचणी बंधनकारक झाली. एअरबॅग, दारांतील आडव्या पट्ट्या, प्रवाशांभोवतीचा भक्कम सांगाडा हे सारे वजन वाढवते. परंतु हे ओझे नव्हे. तो कुटुंबाच्या प्राणांचा विमा आहे. शिवाय अधिक ताकदीचे पोलाद वापरले की पत्रा पातळ ठेवूनही मजबुती टिकवता येते. २०१२ ची ‘गोल्फ’ मोटार आधीच्या पिढीहून आकाराने मोठी असूनही १०० किलोंपर्यंत हलकी झाली, त्यात अशा पोलादाचा मोठा हातभार होता. तेव्हा ‘हलकी गाडी म्हणजे कच्ची गाडी’ हा समज सरसकट खरा नाही, आणि ‘जड तेवढी सुरक्षित’ हाही नाही. निर्णय चाचणीतील गुण पाहून करावा, दार लावतानाचा आवाज ऐकून नव्हे.

आता घरच्या गाडीकडे वळू. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो जादा वजनाने गाडीचे ॲव्हरेज साधारण एक टक्क्याने घटते, आणि लहान गाडीला त्याची झळ मोठ्या गाडीहून अधिक बसते. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी, लिटरला १८ किलोमीटर देणारी मोटार घेतली, तर तिला वर्षभरात सुमारे ६६७ लिटर पेट्रोल लागते. त्यातील एक टक्का म्हणजे पावणेसात लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर सातशे रुपये. रक्कम फार मोठी नाही. मात्र डिकीत वर्षभर विनाकारण फिरणाऱ्या वस्तूंचे हे भाडे आहे, हे विसरता कामा नये.

डिकी उघडून पाहिली तर या भाडेकरूंची ओळख पटते. दुकानातून आणलेले व उतरवायचे राहून गेलेले सामान, जुन्या हत्यारांची पेटी, लग्नकार्यानंतर तशीच राहिलेली भांडी, लाकडी खोक्यातला वजनदार स्पीकर. गाडीच्या पुढे-मागे हौसेने बसवलेले लोखंडी गार्ड याच पंक्तीत बसतात. ते वजन तर वाढवतातच, शिवाय धडकेच्या वेळी एअरबॅगच्या यंत्रणेत अडथळा आणू शकतात आणि पादचाऱ्याला अधिक इजा करतात. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या अखेरीस अशा गार्डविरुद्ध कारवाई करण्याचे निर्देश राज्यांना दिले, ते याच कारणाने. मोठ्या आकाराची जड चाके बसवणेही महागात पडते. चाकाला पुढे ढकलावे लागते आणि फिरवावेही लागते, म्हणून चाकातील वजन इतर वजनापेक्षा अधिक इंधन मागते.

टपावरच्या कॅरियरची गोष्ट वेगळी आहे. कुंभोज-बाहुबली असो वा श्रवणबेळगोळ, सहकुटुंब यात्रेला निघताना अंथरूण-पांघरूण, शिदोरीचे डबे, गाळलेल्या पाण्याचे कॅन हे सारे बरोबर घ्यावे लागते. सीएनजीच्या गाडीत टाकीने डिकी व्यापलेली असते, म्हणून सामान टपावर चढते. तेथे वजनाच्या जोडीला वाऱ्याचा रोधही वाढतो. अमेरिकेतील मोजणीनुसार टपावरील मोठ्या पेटीमुळे शहरात २ ते ८ टक्के, तर ताशी शंभर किलोमीटरच्या पुढील वेगात १० ते २५ टक्के ॲव्हरेज घटू शकते. त्यामुळे शक्य तेवढे सामान गाडीच्या आत, खाली आणि घट्ट बसवावे. टपावर न्यावेच लागले तर ते हलके व बसके असावे, गाडीचा वेग मर्यादित ठेवावा आणि यात्रेहून परतताच रिकामे कॅरियर उतरवून ठेवावे. पाण्याचा कॅन मात्र वजनाच्या भयाने घरी ठेवू नये. गरजेची वस्तू आणि विसरलेली वस्तू यांत फरक आहे.

हाच विवेक दुसऱ्या बाजूनेही लागतो. काही अतिउत्साही मंडळी ॲव्हरेजसाठी स्टेपनी, जॅक आणि पाना काढून ठेवतात. ज्या गाडीला टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर काढण्याचा संच कंपनीकडूनच मिळाला आहे, तिला स्टेपनीविना चालण्याची मुभा २०२० च्या नियमबदलाने दिली. इतरांनी मात्र हा धोका पत्करू नये. पंधरा किलो वाचवून रात्री घाटात लहान मुलांसह अडकून पडणे, हा तोट्याचा व्यवहार आहे. आसनावरील डोके टेकण्याच्या उशा, सीट बेल्ट, इशारा देणारा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी यांनाही हात लावू नये. टाकी अर्धीच भरण्याची युक्तीही फसवी आहे. ३५ लिटर पेट्रोलचे वजन सुमारे २६ किलो. अर्धी टाकी ठेवल्याने वाचणारे तेरा किलो पंपाच्या जादा फेरीत वसूल होतात.

गाडी चालवण्याची रीत बदलली तर तेच वजन कमी इंधनात वाहता येते. पुढचा सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, म्हणजे ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा वाचते. टायरमधील हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. यात्रेला भरलेली गाडी नेताना दारालगतच्या तक्त्यात पूर्ण भारासाठी दिलेला दाब ठेवावा.

तथापि खरा निर्णय होतो तो गाडी विकत घेण्याच्या दिवशी. गाडीचे मूळ वजन दहा टक्क्यांनी कमी असेल, तर इंधनात सहा ते आठ टक्क्यांची बचत संभवते, असा अमेरिकी ऊर्जा खात्याचा अंदाज आहे. वरच्याच उदाहरणात सात टक्के म्हणजे वर्षाला सुमारे ४७ लिटर, जवळपास पाच हजार रुपये. शिवाय एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे शंभर किलोंहून अधिक धूर वाचतो. वर्षातून दोनदा लागणाऱ्या सात आसनांसाठी उरलेले दिवस दीड टनाची गाडी एकट्याने फिरवायची, की चार-पाच जणांना पुरेशी, चाचणीत चांगले गुण मिळवलेली हलकी मोटार घेऊन यात्रेपुरती मोठी गाडी भाड्याने करायची, याचा विचार घरातील सर्वांनी बसून करावा. माहितीपत्रकात ‘कर्ब वेट’ या नावाने छापलेला आकडा किमतीइतक्याच काळजीने वाचावा. किंमत एकदाच द्यायची असते. वजनाचे मोल गाडी जेवढी वर्षे दारात आहे, तेवढी वर्षे देत राहावे लागते.