पिकअप गाडीच्या पुढील पाट्यांचा ताठरपणा

जुन्या जीपच्या घडणीच्या पिकअपला पुढेंही पाटेच असतात. कोंकणच्या पावसांत त्यांत चिखल शिरून गंज धरतो. एकमेकांवर सरकावयाचे पाटे जखडतात, व खड्ड्याचा दणका थेट चेसिसला बसतो. अशा वेळीं एखादा पाटा काढून टाकण्याचा सल्ला पुष्कळ लोक देतात. तो आम्हांस मान्य नाहीं. भोरकडून वरंधा घाट उतरून बिरवाडीस येतांना ब्रेक दाबला कीं भार पुढेंच येतो. उणा पाटा तेथेंच दगा देतो.

प्रथम टायरांतील हवा मोजावी. मग गाडीचें नाक दाबून शॅकल हलतें कीं नाहीं तें पहावें. न हलल्यास चेसिसखालीं भक्कम टेकू देऊन पाटे उतरवावे, तारेच्या ब्रशानें घांसून ग्राफाइट ग्रीस लावावें. रबरी बुशांस मात्र ग्रीस वर्ज्य; त्यांचे बोल्ट चाकें जमिनीवर टेकल्यावरच आवळावे. यू-बोल्ट नवे घालून, थोडी गाडी चालवल्यावर पुन्हां आवळावे.