शहाण्या बहुवारिकाचा भार कोणावर?

तापमान ३२ अंशांखाली उतरताच पाणी शोषून फुगणारे आणि चिकटलेल्या पेशींना अलगद सोडणारे एक बहुवारिक आहे. जपानमध्ये तेरुओ ओकानो यांनी त्याचा लेप दिलेल्या बशीतून पेशींचा अखंड पापुद्रा सोडवून दाखविला. याच तंत्राने रुग्णाच्या स्नायुपेशींपासून बनविलेल्या ‘हार्टशीट’ या हृदयोपचारास २०१५ साली तेथे सशर्त मान्यता मिळाली व त्याचा खर्च सार्वजनिक आरोग्य विम्याकडे आला. २०२४ साली मात्र, परिणामकारकता सिद्ध झाली नाही, असा निर्णय तज्ज्ञ समितीने दिला.

हा दोष बहुवारिकाचा नव्हे, व्यवहाराचा आहे. सिद्ध औषधाची पूर्ण किंमत समाजाने अवश्य द्यावी. परंतु प्रयोगावस्थेतील जोखमीचा वाटा उत्पादकानेही उचललाच पाहिजे.